फॉरमॅट मारण्याआधी ब्राउझरमधलं जुनं सामान काढून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या सदरात अलीकडेच एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र वाचलं. पेन्शनचा कागद कॉम्प्युटरवर डाउनलोड होत नाही, बँकेत विचारलं तर आमच्याकडे सगळं बरोबर दिसतंय म्हणतात, दुरुस्तीवाल्याने मशीन फॉरमॅट करायला, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायला, सांगितलंय. या वयात आम्ही जायचं तरी कुणाकडे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांना, आणि त्यांच्या जागी असलेल्या सगळ्यांना, तातडीने एकच सांगायचंय. इतक्यात फॉरमॅट करू देऊ नका.

माझा बडोद्यात दांडिया बाजारात टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचा गाळा आहे. त्याआधी बरीच वर्षं मी एका सीएंच्या ऑफिसात होते, त्यामुळे रिटर्न, डिजिटल सही, चलन ही कामं हाताखालून गेली आहेत. आता गाळ्यावर लाइट बिल, आवकेचा दाखला, सातबारा, फॉर्म १६, मुलांची हॉल तिकिटं, असं काय काय येत असतं. लोक नुसता कागद काढायला येत नाहीत, लॅपटॉप पिशवीत घालून घेऊन येतात. "ताई, बटण दाबतो पण फाइल येतच नाही." आणि त्यातल्या बऱ्याच वेळा नेट ठीक असतं, साइट ठीक असते, माणसानेही काही चुकीचं केलेलं नसतं. अडथळा असतो तो कधीकाळी टाकलेल्या आणि मग काढून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरच्या मागे राहिलेल्या तुकड्याचा.

प्रतापनगरकडून एक काका आले होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. बँकेच्या साइटवर लॉगिन व्यवस्थित होत होतं, स्टेटमेंटची यादी समोर दिसत होती. डाउनलोड दाबलं की क्षणभर फाइलचं नाव यायचं आणि पुढे 'कॅन्सल्ड' एवढंच. काकांनी मोबाइलचं हॉटस्पॉट लावून पाहिलं होतं. ब्राउझर, म्हणजे ज्यातून आपण साइट उघडतो तो प्रोग्राम, त्यांच्याकडे क्रोम, तोही काढून पुन्हा टाकला होता. तरी तेच. मी कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इन्कॉग्निटो, म्हणजे क्रोमची खासगी खिडकी उघडली. तिथे लॉगिन नव्याने करावं लागतं, ते काकांनी केलं, तेच बटण दाबलं आणि स्टेटमेंट उतरलं.

इथेच निम्मं निदान झालं होतं. इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, चालत नाहीत, आपण मुद्दाम परवानगी दिली असेल तरच चालतात. म्हणजे साध्या खिडकीत अडतं आणि इन्कॉग्निटोत अडत नाही, तर पहिला संशय एक्स्टेन्शनवर. वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून 'एक्स्टेन्शन्स', त्यात 'मॅनेज एक्स्टेन्शन्स' उघडलं, तर यादीत एक डाउनलोड मॅनेजर, म्हणजे फाइली उतरवून देणारं सॉफ्टवेअर, बसलेला. पुतण्याने कीर्तनांची रेकॉर्डिंग्ज उतरवून देताना टाकला होता. फुकट वापराची मुदत संपल्यावर काकांनी तो कंट्रोल पॅनेलमधून रीतसर काढला होता. प्रोग्राम गेला, पण ब्राउझरच्या आतला त्याचा तुकडा तसाच चालू राहिला. त्याचं काम एकच: ब्राउझर कुठलीही फाइल उतरवायला लागला की त्याला थांबवायचं आणि ती लिंक आपल्या मूळ प्रोग्रामकडे द्यायची. ब्राउझर थांबत होता, लिंक जात होती, पलीकडे घ्यायला कोणी नव्हतं. वाड्यातला भाडेकरू सोडून गेला, पण दारावरची पाटी कुणी उतरवली नाही, म्हणून टपाल बंद दारातच पडतंय, तसं. 'रिमूव्ह' दाबलं आणि काकांचं काम झालं.

ब्राउझर काढून पुन्हा टाकल्यानेही हे का जात नाही, तेही सांगते, कारण हा उपाय सगळेच करतात. क्रोम काढताना 'ब्राउझिंग डेटाही पुसा' या चौकोनात खूण केली नाही, तर आपलं प्रोफाइल, म्हणजे ब्राउझरमधल्या आपल्या सगळ्या नोंदी, मशीनवरच राहतं, एक्स्टेन्शन्ससकट. आणि ते पुसलं तरी गूगल खात्याने लॉगिन करून सिंक, म्हणजे खात्यातल्या नोंदी मशीनवर आणण्याची सोय, चालू केलं की जुनी एक्स्टेन्शन्स त्या खात्यातून पुन्हा येऊन बसतात. म्हणून यादीत जाऊन एकेक काढणं हाच खरा मार्ग.

हे तुकडे मुळात आले कुठून? नव्वदच्या दशकात ब्राउझरला मजकूर आणि चित्रं यापलीकडे फारसं काही दाखवता येत नसे. पीडीएफ, आवाज, व्हिडिओ यांसाठी बाहेरची मदत लागायची. नेटस्केप या त्या वेळच्या ब्राउझरने त्यासाठी प्लग-इनची, म्हणजे बाहेरचा तुकडा आत बसवण्याची, सोय काढली, मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हएक्स आणलं. मग फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट, पीडीएफ रीडर, सगळ्यांनी ब्राउझरमध्ये आपापला तुकडा बसवला. सीएंच्या ऑफिसात डिजिटल सहीसाठी जावाचा प्लग-इन लागायचा. तो कुठल्या मशीनवर चालतो आणि कुठल्यावर नाही, हे पाहण्यात रिटर्नच्या शेवटच्या तारखेला आमचा जीव कंठाशी यायचा.

ही पद्धत धोक्याची होती, व्हायरस याच वाटेने शिरत, म्हणून ब्राउझरवाल्यांनी ती टप्प्याटप्प्याने बंद केली. क्रोमच्या ४२व्या आवृत्तीने एप्रिल २०१५ मध्ये असे प्लग-इन आपणहून चालणं थांबवलं आणि सप्टेंबरमधल्या ४५व्या आवृत्तीने ते पूर्ण काढले. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स ५२ ने फ्लॅश सोडून बाकीचे बंद केले. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं, सिल्व्हरलाइट १२ ऑक्टोबर २०२१ ला, आणि १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोररही निवृत्त झाला. पण ब्राउझरने दार लावलं म्हणून आपल्या मशीनवरच्या फायली कुणी उचलून नेल्या नाहीत. शिवाय जी सॉफ्टवेअर पुढे टिकली, त्यांनी वेगळी रचना केली: एक तुकडा ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन म्हणून, दुसरा विंडोजमध्ये प्रोग्राम म्हणून. दोघांची जोडी असेल तरच काम चालतं. आपण कंट्रोल पॅनेलमधून काढतो तो दुसरा. पहिला यादीत न पाहता तसाच राहून जातो.

पीडीएफसाठी तर आता काहीच बसवावं लागत नाही, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. क्रोममध्ये २०१० च्या अखेरपासून आणि फायरफॉक्समध्ये फेब्रुवारी २०१३ पासून पीडीएफ दाखवायची सोय आतच आहे. तरी कुठल्या तरी साइटवर 'हे पाहण्यासाठी अमुक टाका' असं येतं, आपण टाकतो, आणि नवं दुखणं सुरू होतं.

फायरफॉक्स वापरणाऱ्यांकडे हेच दुखणं दुसऱ्या रूपात येतं. साइटकडून फाइल येते तेव्हा ती कोणत्या प्रकारची आहे ही माहितीही सोबत येते. त्या प्रकाराचं काय करायचं हे ब्राउझर आपल्या नोंदीत पाहतो. नोंदीत जर 'पीडीएफ अमक्या प्रोग्रामने उघड' असं पूर्वी कधी ठरलेलं असेल आणि तो प्रोग्राम आता मशीनवर नसेल, तर फाइल अधांतरी राहते. कोरं पान येतं, किंवा काहीच होत नाही. सेटिंग्जमध्ये 'जनरल' या भागात खाली या, तिथे 'ॲप्लिकेशन्स' अशी यादी आहे. पीडीएफच्या ओळीपुढे काय लिहिलंय ते बघा. नसलेल्या प्रोग्रामचं नाव असेल तर 'ओपन इन फायरफॉक्स' किंवा 'सेव्ह फाइल' निवडा. यादीच बिघडलेली वाटली तर प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये हँडलर्स डॉट जेसन नावाची फाइल असते. फायरफॉक्स बंद करून तिचं नाव बदललं की तो नवी, कोरी यादी करतो. नाव बदला, लगेच पुसू नका, म्हणजे काही बिनसलं तर जुनी परत लावता येते. एक्स्टेन्शनचा संशय असेल तर 'हेल्प'मधला 'ट्रबलशूट मोड' आहे, तो सगळी एक्स्टेन्शन्स तात्पुरती बाजूला ठेवून ब्राउझर सुरू करतो.

क्रोममध्ये पीडीएफ उघडण्याऐवजी नुसती उतरत असेल, किंवा उलट होत असेल, तर तो बिघाड नव्हे. 'साइट सेटिंग्ज'मध्ये पीडीएफची वेगळी निवड असते, ती हवी तशी करून घ्यावी.

आता सर्वांत फसवा प्रकार. फाइल उतरते, नावही बरोबर असतं, पण उघडताना 'फाइल डॅमेज्ड आहे' असं येतं. इथे लोक हमखास साइटला दोष देतात. अशी फाइल माझ्याकडे आली की मी आधी तिचा आकार बघते. स्टेटमेंट काहीशे केबीचं असायला हवं आणि आलंय जेमतेम दोन-चार केबी, तर ती पीडीएफ नाहीच. मग तिच्यावर राइट क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडते. खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि त्याला चिकटून पीडीएफ या अक्षरांनी होते, पुढे सगळी न वाचता येणारी चिन्हं असली तरी चालेल. त्याऐवजी पहिल्याच ओळीत एचटीएमएल दिसलं आणि खाली कुठेतरी 'लॉगिन', 'सेशन एक्स्पायर्ड' असे शब्द दिसले, तर ते साइटचं लॉगिनचं पान आहे, पीडीएफच्या नावाने जतन झालेलं.

हे कसं होतं? ब्राउझरमध्ये आपण लॉगिन केलेलं असतं, त्याची खूण म्हणजे कुकी, ती ब्राउझरकडे असते. डाउनलोड मॅनेजर लिंक काढून घेतो आणि स्वतः साइटकडे नव्याने मागणी करतो. त्याच्यासोबत ती खूण गेली नाही, तर साइट त्याला अनोळखी समजून लॉगिनचं पान देते. काही लिंक एकदाच चालणाऱ्या असतात. ब्राउझरने एकदा मागितली, मग मॅनेजरने दुसऱ्यांदा, तर दुसऱ्याला नकारच मिळतो. क्रोमच्या यादीत फाइलखाली 'फेल्ड', 'फॉरबिडन' किंवा 'नो फाइल' असे शब्द येतात त्यामागे हेही कारण असू शकतं. बँक, पेन्शन, आयकर, अशा लॉगिनमागच्या साइटसाठी डाउनलोड मॅनेजर मुळात ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एवढीशी फाइल असते, तिला वेगळा वाहक कशाला?

'व्हायरस स्कॅन फेल्ड' असं आलं तर मात्र अँटिव्हायरसकडे वळा. लॅपटॉपसोबत मिळालेल्या अँटिव्हायरसची मुदत संपते, दुकानदार दुसरा टाकून देतो, पहिला अर्धामुर्धा राहतो. उतरलेली फाइल तपासायला विंडोज त्या अर्ध्यामुर्ध्याकडे पाठवते आणि उत्तर येत नाही. अँटिव्हायरस कंपन्या आपला माल मुळापासून काढायचं छोटं साधन स्वतःच्या साइटवर फुकट ठेवतात, ते वापरावं. नुसत्या कंट्रोल पॅनेलवर भागत नाही. आणि क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' अशी ओळ दिसत असेल, मशीन घरचं असूनही, तर कुठल्यातरी सॉफ्टवेअरने ब्राउझरवर आपला नियम लादलेला आहे. तेव्हा 'रिमूव्ह'चं बटणच मिळत नाही. हे काम जाणकारालाच द्या, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींत, स्वतः हात घालू नका.

जुना मॅक असेल तर 'लायब्ररी'मध्ये 'इंटरनेट प्लग-इन्स' नावाचं फोल्डर बघा. जुन्या सफारीत पीडीएफऐवजी काळं किंवा कोरं पान येण्याचं कारण पुष्कळदा तिथे पडलेला जुना पीडीएफ प्लग-इन असतो. तो बाहेर काढून सफारी पुन्हा सुरू करायची. नव्या सफारीत ही अडचण राहिलेली नाही.

डिस्क भरलेली असणं, डाउनलोडचं ठिकाण काढून घेतलेल्या पेन ड्राइव्हवर लावलेलं असणं, मशीनची तारीख चुकलेली असणं, ही साधी कारणंही असतातच. इन्कॉग्निटोतही फाइल उतरत नसेल तर ती आधी बघावीत.

आता फॉरमॅटबद्दल, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले. "फॉर्मेट मारवुं पडशे" हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात ऐकू येतं. फॉरमॅट मारल्यावर डाउनलोड सुरू होतं, हे खरं आहे. सगळंच पुसलं की मागे राहिलेले तुकडेही जातात. म्हणून दुरुस्तीवाल्याला वाटतं आपला इलाज बरोबर होता, आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही तो तेच सांगतो. पण त्यासोबत काय गेलं हे गिऱ्हाइकाला चार दिवसांनी कळतं. माझ्या गाळ्यावर येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. ज्ञानेश्वरीवरच्या प्रवचनांची टिपणं त्यांनी कित्येक वर्षं स्वतः टाइप केली होती, संध्याकाळी रोज थोडी थोडी. ती डेस्कटॉपवर होती. एक पीडीएफ उतरत नाही म्हणून मशीन दुकानात दिलं, 'बॅकअप घेतलाय' असं तोंडी सांगण्यात आलं, आणि परत आलं तेव्हा डेस्कटॉप स्वच्छ होता. बॅकअप डी ड्राइव्हचा घेतला होता, आणि डेस्कटॉप साधारणपणे सी ड्राइव्हवर असतो. त्यांनी दुकानदाराला एक शब्द बोलला नाही. "आता परत टाइप करायला बसते," एवढं मला म्हणाल्या. मला त्या दिवशी फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. एका एक्स्टेन्शनपुढचं 'रिमूव्ह' दाबायचं काम होतं ते.

सगळेच दुरुस्तीवाले काही माझे शत्रू नाहीत. सयाजीगंजात आणि इतरत्र मन लावून काम करणारी मुलं आहेत, त्यांच्याकडून मीच पुष्कळ शिकले. पण गिऱ्हाइकानेही चार गोष्टी विचारायला हव्यात. इन्कॉग्निटोत करून पाहिलंत का? विंडोजमध्ये दुसरं यूजर खातं काढून पाहिलंत का? दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहिलंत का? आणि फॉरमॅट करायचंच असेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही तिन्ही फोल्डर माझ्या डोळ्यांसमोर पेन ड्राइव्हवर घ्या. एवढं विचारलं की समोरच्याचं कामही सुधारतं.

दुसरी मागणी बँका, सरकारी कचेऱ्या आणि कॉलेजांकडे आहे. सही करायला, फोटो चढवायला, फॉर्म भरायला आम्हाला काही बसवायला लावता, तर ते काम झाल्यावर कसं काढायचं हेही त्याच पानावर लिहा. प्रोग्राम कुठून काढायचा आणि ब्राउझरमधला भाग कुठून, दोन्ही. इंटरनेट एक्सप्लोररसाठीच बनलेल्या जुन्या साइट अजून चालू आहेत. त्यांच्यासाठी एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये आयई मोड, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररसारखं चालण्याची सोय, ठेवलेला आहे, आणि मायक्रोसॉफ्टने तो निदान २०२९ पर्यंत चालेल असं सांगितलंय. ती मुदत आहे, कायमची सोय नव्हे. त्या साइट तोवर नव्या करा. पेन्शनर माणूस आयई मोड म्हणजे काय हे शिकत बसणार नाही, आणि त्याने शिकावं अशी अपेक्षाही ठेवू नये.

ज्यांना डाउनलोडची काही अडचणच नाही, त्यांनीही एकदा एक्स्टेन्शन्सची यादी उघडून पाहावी. नावावर 'डिटेल्स' दाबलं की त्याला दिलेल्या परवानग्या दिसतात. 'सर्व वेबसाइटवरची तुमची सगळी माहिती वाचणे आणि बदलणे' अशा अर्थाची ओळ बहुतेक डाउनलोड मॅनेजरांना आणि कूपन शोधणाऱ्यांना दिलेली असते. सर्व वेबसाइट म्हणजे त्यात तुमची बँकही आली. जे आपण स्वतः टाकलं नाही, किंवा टाकल्याचं आठवत नाही, ते काढून टाकावं. गरज पडली तर पुन्हा टाकता येतं.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गर्दी होते. त्या वेळी प्रत्येकाकडे निवांत पाहायला मला आणि माझ्यासारख्या कुणालाच वेळ नसतो. मूळ पत्र लिहिणाऱ्या काकांना आणि इतर पेन्शनर मंडळींना विनंती आहे की ही तपासणी ऑक्टोबरातच करून घ्यावी. पेन्शनची एक जुनी स्लिप डाउनलोड करून पाहावी, एकदा साध्या खिडकीत आणि एकदा इन्कॉग्निटोत. पहिल्यात अडली आणि दुसऱ्यात उतरली, तर काय करायचं ते वर लिहिलंच आहे. दोन्हींत अडली तर स्क्रीनवर नेमके जे शब्द आले ते कागदावर उतरवून घ्यावेत आणि जाणकाराकडे तो कागद न्यावा. 'चालत नाही' एवढंच सांगितलं तर समोरचा फॉरमॅटच सुचवतो.

कळावे,
आपली,
दांडिया बाजारातील एक वाचक,
बडोदे